कोऱ्या तिकिटांचा आकडा कुठे गेला?

कलकत्त्यात 1788 मध्ये एक आख्खा बाजार लॉटरीत लागला. एडवर्ड टिरेटा या मूळच्या इटालियन माणसाने तो वसवला होता. त्याचं दिवाळं निघालं तेव्हा बाजाराची किंमत 1,96,000 रुपये धरली गेली आणि लिलावाऐवजी तो सोडतीत पहिलं बक्षीस म्हणून लावला गेला. तिकिटं खपावीत म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात आली. बाजार लागला चार्ल्स वेस्टन नावाच्या गृहस्थाला. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते बुडालेल्या मालकाचंच. टिरेटा बाजार कलकत्त्यात आजही आहे आणि सकाळच्या चिनी न्याहारीसाठी तिथे गर्दी असते.

त्या काळात यात नवल नव्हतं. विलायतेला परत निघालेला साहेब आपला बंगला, बग्गी, घड्याळ, घोडा असाच सोडतीवर काढायचा. पूर्ण किंमत मोजणारं एक गिऱ्हाईक मिळायला महिने लागत. थोडी थोडी रक्कम लावायला तयार असलेली माणसं मात्र पटकन मिळत. त्यांना गाठायचं साधन होतं वर्तमानपत्र. जेम्स ऑगस्टस हिकीने 29 जानेवारी 1780 रोजी आपलं ‘बेंगॉल गॅझेट’ सुरू केलं तेव्हापासून इथलं वर्तमानपत्र जाहिरातीच्या पैशावर उभं आहे. मुंबईत 1789 मध्ये ‘बॉम्बे हेराल्ड’ निघालं, मागोमाग ‘कुरियर’ आणि ‘गॅझेट’ आले. त्यांचंही तेच. पहिल्या पानावर बातमी छापायची हा रिवाज फार नंतरचा. जहाज कधी सुटणार, मदिरा कुठल्या वखारीत उतरली, कोणाचा घोडा विकाऊ आहे आणि कुठल्या सोडतीची तिकिटं शिल्लक आहेत, हे सगळं शेजारी शेजारी, एकाच शाईत.

या जाहिरातींकडे मी आजच्या एका प्रश्नासाठी बघतो. नशीब विकणाऱ्याने जाहिरातीत काय सांगितलंच पाहिजे, आणि ती छापणाऱ्याची जबाबदारी किती? ऑनलाइन पैशांचे खेळ, राज्य लॉटरी, गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींचे फलक, शेअर बाजारातले ऑप्शन्स या सगळ्यांवर आपल्याकडे हिरीरीने वाद होतात. वाद नेहमी बंदी घाला किंवा घालू नका या दोनच टोकांना अडकतो. मधली एक साधी गोष्ट दोन्हीकडचे लोक विसरतात, आणि ती गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत छापलेली असायची.

तेव्हाच्या लॉटरीच्या जाहिरातीत मजकुराखाली एक तक्ता असे. त्याला ‘स्कीम’ म्हणत. पहिलं बक्षीस एक, रक्कम इतकी. दुसऱ्या रकमेची बक्षिसं इतकी. मग त्याहून लहान, त्याहून लहान. बक्षिसांची बेरीज. आणि शेवटी एक ओळ: कोऱ्या, म्हणजे काहीच न लागणाऱ्या, चिठ्ठ्या इतक्या. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण तिकिटं. तिकिटाची किंमत शेजारीच दिलेली असे, त्यामुळे जमा किती होणार, वाटणार किती आणि चालकाच्या हाती किती राहणार, याचा हिशेब बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही कागदाच्या कडेला मांडता येई. इंग्लंडातल्या सरकारी लॉटऱ्यांनी ही पद्धत पाडली होती. तिथले विक्रेते तर याच आकड्यावर फुशारकी मारत, की आमच्या लॉटरीत एका बक्षिसामागे दोन कोऱ्या चिठ्ठ्यासुद्धा नाहीत. लंडनची सोडत दोन चाकांतून निघे. एका चाकात तिकिटांचे नंबर, दुसऱ्यात बक्षिसांच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. शाळेची पोरं हात घालून दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढत, आणि कोरी निघाली तरी ती मोठ्याने पुकारली जाई. अठराव्या शतकात हा सोहळा कित्येक दिवस चाले. म्हणजे हरणं हा सोडतीचा उघड, कानावर पडणारा भाग होता.

तो जमाना सचोटीचा होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याच पानांवर गुलाम पोरांच्या विक्रीच्या जाहिराती येत. वय, रंग, कोणतं काम येतं हे सगळं तपशिलाने. कलकत्त्याच्या छापखान्यांनी त्या छापल्या आणि पैसे घेतले. आज कोणताही संपादक असं म्हणणार नाही, की आम्ही नुसती भिंत, कोणीही यावं आणि कागद चिकटवून जावं. माणूस विकण्याच्या बाबतीत आपण हे मान्य केलं आहे. मग नशीब विकण्याच्या बाबतीत ‘जाहिरातीतल्या मजकुराशी आम्ही सहमत असूच असं नाही’ हे चौकटीतलं वाक्य पुरेसं कसं ठरतं?

सरकार या धंद्यात फार लवकर उतरलं. 1784 मध्ये कलकत्त्याच्या सेंट जॉन्स चर्चसाठी सार्वजनिक लॉटरीतून 30,000 रुपये उभे राहिले. देवाच्या घराचा पाया सोडतीच्या पैशावर घातला गेला आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. गव्हर्नर जनरल वेलस्लीने 1803 मध्ये शहर सुधारणेचा मोठा आराखडा मांडला. टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून 1813 मध्ये बांधून झाला. 1817 मध्ये तर चक्क ‘लॉटरी कमिटी’ या नावाची समिती नेमली गेली आणि तिने जवळपास वीस वर्षं कलकत्ता नव्याने आखलं. स्ट्रँड रोड, कॉर्नवॉलिस स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट, वेलिंग्टन स्ट्रीट आणि त्यांच्या लगतचे तलावाभोवतीचे चौक हे सारं तिचं काम. आज कॉलेज स्ट्रीटवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्याच्या पायाखालचा रस्ता हरलेल्या तिकिटांनी बांधला आहे.

हा दाखला लॉटरीचे पुरस्कर्ते आनंदाने देतात: बघा, जुगाराचा पैसा सत्कारणी लागला. पण हाच इतिहास अर्ध्यावर सोडून चालत नाही. त्याच कमिटीने नदीकाठची ‘अतिक्रमणं’ हटवली, देशी वस्तीतल्या झोपड्या पाडल्या आणि कष्टकरी माणसांना शहराच्या कडेला ढकललं. रस्ता कोणाच्या सोयीचा झाला आणि उठवलं कोणाला, याचा हिशेब कुठल्याच स्कीममध्ये नव्हता. ‘या पैशातून विकास होतो’ हे वाक्य लॉटरीच्या तोंडी ऐकलं की मला त्या झोपड्या आठवतात. विकासासाठी कर घ्यायचा तर तो ऐपतीप्रमाणे घेता येतो. लॉटरीचा कर ऐपत बघत नाही, आशा बघतो, आणि ऐपत ज्याची कमी आहे त्याच्याकडूनच जास्त वसूल करतो.

मुंबईचा अनुभव वेगळा, आणि मला तो फार बोलका वाटतो. फोर्टातला टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची ती उंच पायऱ्यांची पांढरी इमारत, हीसुद्धा लॉटरीच्या भरवशावर बांधायची ठरली होती. सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने 1811 मध्ये ती कल्पना निघाली. लॉटरी काढली, पैसा पुरला नाही. पुन्हा प्रयत्न झाला, तरीही नाही. अखेर कंपनी सरकारने तिजोरीतून पैसे घातले आणि 1833 मध्ये इमारत उभी राहिली. दरबार हॉलमध्ये बसून वाचणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? ग्रंथालय आणि सभागृह ही सार्वजनिक गरज आहे असं एकदा मान्य केलं, की तिचा खर्च सरकारने उचलायचा असतो, हे मुंबईला नाइलाजाने का होईना कळलं.

आता घोड्यांकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा कणा तिथे आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींच्या वर्तमानपत्रांत वसंत ऋतू जवळ आला की पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिरातींना ऊत येई. ठरावीक साचा असे. घोड्याचं नाव, रंग, उंची. बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण. कुठल्या शर्यती कोणत्या साली जिंकल्या. या हंगामात तो कुठल्या गावी उभा राहणार. घोडी फळवण्याचे दर किती, मोतद्दाराला वेगळे किती. घोडी मुक्कामी ठेवली तर चराईचे आठवड्याला किती. आणि घोडी परत नेण्याआधी पैसे चुकते करावे लागतील. लहानशा रकान्यात तीन पिढ्यांची वंशावळ बसवलेली असे. सोबत कित्येकदा घोड्याचं लाकडी ठशातलं चित्र, आणि एकच ठसा साऱ्या घोड्यांना चाले. चित्राला किंमत नव्हती, किंमत तपशिलाला होती.

या पैदाशीचा आपल्याशी थेट संबंध आहे. न्यू साउथ वेल्सहून भारतात येणाऱ्या घोड्यांना इथे ‘वेलर’ म्हणत. पलटणींसाठी ते कलकत्ता आणि मद्रासला जहाजांनी उतरत. मुंबईला बसऱ्याकडून आणि आखातातून अरबी घोडे येत आणि भायखळ्याच्या बाजूच्या तबेल्यांत गिऱ्हाइकं ते पारखून घेत. कंपनीने बिहारात पुसा इथे स्वतःची पागा ठेवली होती. 1808 पासून तिच्यावर विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य होता. त्याला इथल्या पैदाशीत दम वाटेना, म्हणून चांगल्या जातीच्या शोधात तो आधी तिबेटात शिरला आणि पुढे बुखाऱ्यापर्यंत गेला. परतताना 1825 मध्ये उत्तर अफगाणिस्तानात मेला. घोड्याच्या बाबतीत खात्री करून घेण्यासाठी माणूस इतकं करतो. आपल्याकडे भीमथडीची तट्टं घेतानाही दात, खूर, चाल आणि अंगावरचे भोवरे बघितल्याशिवाय कोणी पैसे मोजत नसे.

पण जरा थांबून विचार केला तर घोडी फळवणं हादेखील नशिबाचाच मामला आहे. घोडी फळेल की नाही, शिंगरू धड निघेल की नाही, निघालं तर बापासारखं पळेल की नाही, यातलं काहीच पक्कं नसतं. तरीही या जाहिरातीला कोणी जुगार म्हणत नाही. कारण पैसे देणाऱ्याला जे कळू शकतं ते सगळं आधी सांगितलेलं असतं. घोडी आणणारा शेतकरी किंवा जमीनदार विचारणारा असतो. तो वंशावळ मागतो, म्हणून ती छापली जाते. लॉटरीचं गिऱ्हाईक एकेकटं, रकमेने लहान आणि विखुरलेलं. ते काही विचारत नाही, म्हणून त्याला काही सांगितलं जात नाही. जाहिरातीत किती खरं छापायचं हे वाचणाऱ्याच्या वजनावर ठरतं. म्हणूनच जिथे वाचणाऱ्याचं वजन कमी आहे, तिथे कायद्याने त्याच्या बाजूने उभं राहायला हवं.

कायदा उभा राहिला, पण कोणाच्या बाजूने ते बघण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये 1826 मध्ये शेवटची सरकारी लॉटरी निघाली. 1836 मध्ये तिथे परदेशी आणि बेकायदा लॉटऱ्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. म्हणजे रोग जाहिरातीतून पसरतो हे संसदेला कळलं होतं. त्याच वर्षी कलकत्त्याची लॉटरी कमिटीही संपली, कारण नगरसुधारणा जुगाराच्या पैशावर करणं विलायतेत लोकांना रुचेना. 1844 मध्ये हिंदुस्थानात कायदा झाला आणि सरकारने परवानगी न दिलेल्या सगळ्या लॉटऱ्या सार्वजनिक उपद्रव ठरल्या. 1870 मध्ये दंड संहितेत 294अ हे कलम आलं, त्यात लॉटरीचं ऑफिस चालवणं आणि लॉटरीची जाहिरात छापणं या दोन्ही गोष्टी गुन्हा झाल्या. नव्या न्याय संहितेत तेच आता कलम 297 आहे. या सगळ्याची मेख एका शब्दात आहे: ‘परवानगी’. उपद्रव जुगारात नसून परवानगी नसण्यात आहे, असा त्याचा अर्थ निघतो.

आणि परवानगी कोणाला मिळायची? कलकत्त्याच्या टर्फ क्लबची इंग्लंडच्या डर्बीवरची स्वीप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि पुढे जगभर गाजली. स्वीप म्हणजे शर्यतीवर बसवलेली सोडत. तिकिटं विकायची, त्यातून नंबर काढून घोड्यांच्या नावांशी जुळवायचे, आणि घोडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने बक्षिसं वाटायची. नाव क्लबच्या सभासदांचं, पैसा साऱ्या साम्राज्यातला. त्याच कलकत्त्यात, बडाबाजारात, मारवाडी व्यापारी पावसावर पैजा लावत. ठरलेल्या वेळात गच्चीवरच्या पन्हाळीतून पाणी वाहील इतका पाऊस पडतो की नाही, एवढाच प्रश्न. त्यावर 1897 मध्ये खास कायदा करून बंदी आली. तेव्हाच विरोधकांनी विचारलं होतं, की साहेब घोड्यावर लावतो ते चालतं आणि आम्ही ढगावर लावतो ते का नाही?

मुंबईत हे आधीच घडून गेलं होतं. इथल्या हायकोर्टाने 1889 मध्ये पावसावरच्या पैजा तेव्हाच्या जुगार कायद्यात बसत नाहीत असा निकाल दिला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने कायदा दुरुस्त करून त्या बसवल्या. मुंबईचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही वाचून बघावा. पाऊस पडणं किंवा न पडणं, किती पडणं, कापसाचा भाव, अफूचा भाव, या सगळ्यांवरच्या पैजांचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. आणि त्याच कायद्यात घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेला अटी घालून सूट आहे. पावसावर लावलेल्या पैशाने संसार उद्ध्वस्त होतो आणि घोड्यावर लावलेल्याने होत नाही, असं कुठल्याही मुंबईकराच्या घरात सिद्ध झालेलं नाही. गिरणगावातल्या बायकांनी पगाराच्या दिवशी काय सोसलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी काय सांगावं?

बंदीने काय होतं हे ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज ॲडम्सच्या कहाणीत दिसतं. हा सिडनीचा एक हॉटेलवाला. 1881 पासून त्याने शर्यतींवरच्या स्वीप टपालाने सगळ्यांना खुल्या केल्या. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती हाच त्याचा दुकानाचा दरवाजा. दहा टक्के कमिशन घेऊन उरलेलं तो वाटायचा आणि हे तो लपवत नसे. न्यू साउथ वेल्सने 1892 च्या सुमाराला त्याच्या वाटा बंद केल्या, तो क्वीन्सलँडला गेला. तिथेही बंदी आली. तेव्हा टास्मानिया बेटावर एक बँक बुडाली होती आणि तिची मालमत्ता कशी विकून टाकायची हा तिथल्या सरकारपुढे पेच होता. ॲडम्सने ती सोडतीतून काढून दिली आणि बदल्यात त्याला कायमचा आसरा मिळाला. पुढे 1901 मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झाल्यावर टपाल खात्याला त्याची पत्रं अडवण्याचा अधिकार मिळाला, तरी धंदा थांबला नाही. पैसा हवा असलेलं एखादं सरकार नेहमीच सापडतं.

आपल्याकडे वर्तमानपत्र आणि नशिबाचा धंदा यांची गाठ स्वातंत्र्यानंतर कोर्टात पडली. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रात बक्षिसांची शब्दकोडी येत आणि मुंबई राज्यात त्याचा खप प्रचंड होता. प्रवेशिका गोळा करायला इथे ठिकठिकाणी केंद्रं होती. मुंबई सरकारने 1948 च्या लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा कायद्यात दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही कर लावला. मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या खंडपीठाने चालकांच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्ये तो फिरवला. चमारबागवाला खटला म्हणून वकील मंडळी तो आजही रोज उद्धृत करतात. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून सुरुवात करून सांगितलं, की जुगार हा घटनेने संरक्षण द्यावा असा व्यापारच नव्हे. फार मोठा निकाल आहे तो. पण त्यातून एक पळवाटही मोकळी राहिली: कौशल्याचा खेळ असेल तर तो जुगार नाही. पुढची साठ-पासष्ट वर्षं या धंद्यातल्या प्रत्येकाने आपल्या जाहिरातीत ‘कौशल्य’ हा शब्द घातला.

निकालानंतर बारा वर्षांनी, 1969 मध्ये, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. मटक्याला आळा बसावा, लोकांचा पैसा निदान सरकारजमा व्हावा, हा हेतू सांगितला गेला. मटक्याचं काय झालं हे मुंबईला माहीत आहे. त्या धंद्याची भरभराट त्यानंतरच्या दोन दशकांत झाली. हेतूवर मी शंका घेत नाही. मला सरकारचं विक्रेता म्हणून वागणं बघायचं आहे. लॉटरीच्या दुकानावरचा फलक बघा. पहिल्या बक्षिसाचा आकडा दुरून वाचता येईल इतका मोठा. सोडतीची तारीख, तिकिटाची किंमत, ‘हमखास’ हा शब्द. छापलेली एकूण तिकिटं किती? फलकावर नाही. किती तिकिटांना काहीच लागणार नाही? नाही.

ही माहिती गुप्त आहे का? अजिबात नाही. केंद्राच्या 2010 च्या लॉटरी नियमांप्रमाणे प्रत्येक राज्याने प्रत्येक योजनेसाठी राजपत्रात अधिसूचना काढायची असते. तिच्यात छापलेल्या तिकिटांची एकूण संख्या, त्यांची एकूण किंमत, बक्षिसांची रचना आणि बक्षिसांवर खर्च होणारी रक्कम हे सगळं द्यावं लागतं. म्हणजे 1800 सालच्या जाहिरातीत जो तक्ता वाचकासमोर होता, तोच आज राजपत्रात आहे. ठाणे स्टेशनबाहेर तिकीट घेणारा हमाल राजपत्र वाचत नाही. तो फलक वाचतो. माहिती जिथे उपयोगी पडते तिथून ती उचलून जिथे कोणी जात नाही तिथे नेऊन ठेवली, याला पारदर्शकता म्हणायला माझी तयारी नाही.

ऑनलाइन खेळांच्या बाबतीत तर आकडाच नव्हता. जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे आस्कीने, डिसेंबर 2020 पासून एक इशारा सक्तीचा केला: या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. छापील जाहिरातीत त्याला किमान वीस टक्के जागा द्यायची. टीव्हीवर तो इशारा कसा येई हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. धापा टाकत, एका श्वासात. आवडता क्रिकेटपटू हसत हसत संघ लावायला सांगे आणि मागून कोणीतरी ते वाक्य गिळल्यासारखं म्हणे. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला आणि जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड ठेवला. तरुण पोरांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचून ज्यांचं मन विटलं होतं त्यांना तो दिलासा वाटला, मलाही वाटला. पण 1844 पासूनचा अनुभव सांगतो, की बंदीनंतर खेळ परवाना नसलेल्याकडे किंवा परदेशी साइटकडे जातो आणि परवानगी असलेल्यांची यादी मात्र तशीच राहते. राज्य लॉटरी या कायद्याच्या बाहेर. रेसकोर्स बाहेर. मांडवीतल्या बोटी बाहेर.

इशारा आणि आकडा यांत किती फरक असतो हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने दाखवून दिलं आहे. जानेवारी 2023 मध्ये सेबीने पाहणी प्रसिद्ध केली, की फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 89 टक्क्यांना त्या आर्थिक वर्षात तोटा झाला. मे महिन्यात तिने दलालांना हुकूम दिला, की गिऱ्हाईक लॉगिन करताच त्याला हे वाक्य दिसलं पाहिजे: दहापैकी नऊ जणांना निव्वळ तोटा झाला. ‘बाजारात जोखीम असते’ असं घोकवणारी जाहिरात आपण वर्षानुवर्षं ऐकली, तिने कोणाला काय सांगितलं? दहापैकी नऊ हा मात्र हिशेब आहे. ही कोऱ्या चिठ्ठ्यांचीच ओळ आहे, दोनशे वर्षांनी परत आलेली.

एवढं होऊनही लोक थांबले नाहीत, असं कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. सप्टेंबर 2024 च्या पाहणीत तीन वर्षं मिळून तोटा झालेल्यांचं प्रमाण 93 टक्के निघालं. आकडा छापला की जुगार संपतो असा माझा दावा नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. घेणाऱ्याला फसवणूक झाली नाही एवढं तरी म्हणता यावं. आणि विकणाऱ्याला, मग तो सरकार का असेना, दर आठवड्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागावं की आपण इतक्या माणसांकडून पैसे घेतले आणि त्यांना काही दिलं नाही. सेबीला तो आकडा छापावा लागला, म्हणूनच पुढे नियम कडक करण्याचा दबाव आला. जो आकडा छापला जातो त्यावर प्रश्न विचारले जातात. विधानसभेत आमदार राजपत्र हातात घेऊन क्वचितच उठतो. चौकातला फलक दाखवून तो रोज उठू शकतो.

गरिबाला स्वप्न तरी पाहू द्या, हा दुसरा आक्षेप. माझ्या मनाला तो लागतो, कारण तो प्रेमाने घेतला जातो. दिवसभर राबून दहा-वीस रुपयांत एक संध्याकाळ आशेत घालवणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही. पण घोडी घेऊन येणाऱ्या जमीनदारालाही स्वप्नच विकलं जात होतं, उमद्या शिंगराचं, आणि त्याला वंशावळ दाखवल्याने ते मोडलं नाही. श्रीमंताचं स्वप्न तपशिलासकट आणि गरिबाचं डोळे झाकून, हा भेद मला मान्य नाही.

वर्तमानपत्रांनाही हे करता येईल. दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ चालवताना गांधीजींनी पुढे जाहिराती घेणंच थांबवलं. आजच्या छापखान्याच्या खर्चात तसं वागा असं म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. नशिबाच्या कोणत्याही जाहिरातीत एकूण तिकिटं आणि कोरी तिकिटं पहिल्या बक्षिसाच्याच टायपात नसतील तर ती घ्यायची नाही, एवढा नियम मात्र एखादं मराठी दैनिक स्वतःहून करू शकतं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एकाने केलं तर दुसऱ्याला न करण्याचं कारण वाचकाला सांगावं लागेल.

महाराष्ट्र सरकारला तर कायदाही बदलावा लागणार नाही. लॉटरी त्याची, तिकीट त्याचं, फलकाचा मजकूर त्याचा, आणि आकडा अधिसूचनेत आधीच तयार आहे. लॉटरी आयुक्तांच्या एका आदेशाने पुढच्या भव्यतम सोडतीच्या फलकावर पहिल्या बक्षिसाखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत, दुसरा आकडा येऊ शकतो: इतक्या तिकिटांना काहीही लागणार नाही.